सात जुलैचे अडतीस फॉर्म

१

"जय भीम," म्हणत कडुबा साळवे विभागप्रमुखांच्या खोलीत शिरला. कुणी उत्तर दिलं नाही. त्यानं खिशातून घडी केलेली चिठ्ठी काढली आणि टेबलावर हातानं सपाट केली.

"वाचा साहेब. माझ्या मायच्या हातात दिली हुती तुमच्या ताईनं."

आरोग्यशिक्षण विभागाचे प्रमुख डॉ. राजकुमार वाघचौरे यांनी चिठ्ठीला हात न लावता ती वाचली. 'मनकर्णाबाई साळवे, जांभळवाडी. साखर ३४२. दवाखान्यात न्यायला विभागाची गाडी येईल. निशा खरात, ७ जुलै.'

"मग?"

"मग काय? गाडी आलीच नाय. माय दोन महिनं वाट बघत बसली. म्हणायची, शिकलेली पोरगी हाय, खोटं बोलायची नाय. सप्टेंबरात पाय काळा पडला. घाटीच्या सरकारी दवाखान्यात गुडघ्याखालून काढला. आता सांगा, गाडी कुठं अडकली हुती?"

राजकुमारांनी कपाटातून गठ्ठा काढला, एक फॉर्म शोधला आणि कडुबाकडं न देता कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्याकडं सरकवला. "पाथ्रीकर काका, वाचून दाखवा यांना."

बद्रीनाथ पाथ्रीकरांनी चष्मा लावला. फॉर्म त्याच बाईच्या नंबरचा, तारीख तीच, अक्षर चिठ्ठीतल्यासारखंच, खाली निशाची सही. साखर १२८.

"एकशे अठ्ठावीसवालीला गाडी जात नाही," राजकुमार म्हणाले. "पोरीनं चिठ्ठीवर एक लिहिलं, फॉर्मवर दुसरं. घरी बसून फॉर्म भरले असणार. सोमवारी समितीची बैठक आहे, तीत तिची पीएच.डी.ची नोंदणी रद्द होईल. झालं समाधान?"

"मायचा पाय येतोय का त्यानं?" कडुबा म्हणाला.

भिंतीवर विभागानं जांभळवाडीत काढलेल्या केंद्राच्या उद्घाटनाचा फोटो होता. पांढऱ्या साड्यांतल्या बायका, मागं बुद्धमूर्ती, मधोमध हार घातलेले राजकुमार. बद्रीनाथ त्या फोटोकडं बघत बसले, कारण कडुबाच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

२

बद्रीनाथ सांख्यिकी कार्यालयातून निवृत्त झालेले. माणसांवर संशोधन करायचं तर विद्यापीठाला नीती समिती लागते, आणि त्या समितीत एक साधा, बाहेरचा माणूस लागतो. तो साधा माणूस म्हणजे ते. मागच्या दिवाळीत बायको गेली, तेव्हापासून ते फार बोलत नसत. समितीला तसाच माणूस बरा वाटत होता.

नियम असा की गावातल्या माणसाची तक्रार आली तर चौकशी याच सदस्यानं करायची. समितीचे अध्यक्ष डॉ. तात्यासाहेब गंगापूरकर यांनी फोनवर सांगितलं, "तेवढी औपचारिकता उरका पाथ्रीकर. दोन पानं पुरेत."

निशा बेगमपुऱ्यात भाड्याच्या खोलीत राहत होती. तिनं दार उघडलं, पण उंबऱ्यातून बाजूला झाली नाही.

"समितीचे ना? विचारा. चहा मिळणार नाही."

"जांभळवाडीला तू खरंच गेली होतीस?"

"अडतीस बायका साक्ष देतील. जाऊन विचारायला पाय आहेत ना तुम्हाला?"

"गेली होतीस हे सिद्ध होईल. आकडे होणार नाहीत."

ती बाजूला सरकली.

साखर अडीचशेच्या वर गेली की विभागानं आठवड्याच्या आत त्या बाईला गाडीनं दवाखान्यात न्यायचं, असा नियम होता. गाडी फॉर्म बघून निघायची. बायकांना धीर असावा म्हणून निशा आपल्या मनानं चिठ्ठीही द्यायची. त्या दिवशी तिनं अकरा चिठ्ठ्या दिल्या होत्या.

"चिठ्ठ्यांचं विभागात कुणाला माहीत होतं?"

"कुणाला नाही. सरकारी कागद नव्हता तो."

"साखरेच्या मशीनमध्ये जुने आकडे राहतात म्हणे."

"शेवटचे काहीशे. त्यानंतर मी पाच गावं केली. पुसले गेले." तिनं नखं तळहातात रुतवली. "मला माझेच फॉर्म दाखवत नाहीत. आरोपीनं पुराव्याला हात लावायचा नाही म्हणे. तुम्ही पाहिले?"

"सगळे. दोनदा."

"काही दिसलं?"

"नाही."

"दिसणार कसं?" ती म्हणाली. "चार वर्षं मी त्या धुळीत फिरले. आता गावात तोंड दाखवायची सोय नाही, आणि सोमवारी विद्यापीठातही राहणार नाही. जा, लिहा तुमची दोन पानं."

३

आकडे संगणकात भरण्याचं काम सत्यमचं होतं. तिशीतला, तोंडाचा फटकळ.

"काका, मी हमाल आहे. गोणीत गहू आहे का खडे, हमाल बघत नाही. साखर, वजन, ब्लडप्रेशर एवढं भरतो. खाण्यापिण्याचं पान अजून उघडलेलंच नाही. ते वर्षअखेरीला."

"निशाशी तुझं भांडण होतं म्हणे."

"होतं की. पहिल्या शोधनिबंधावर तिचं नाव वर का माझं, यावरून. अजून बोलत नाही आम्ही. पण भांडणापायी एका म्हातारीचा पाय घालवू का मी? तुम्ही माणसं पण..." त्यानं संगणकाचा माउस बाजूला आपटला. "जांभळवाडीला मी दोनदा वजनकाटा घेऊन गेलोय. त्या विहारात बसून मनकर्णाबाईच्या हातची भाकरी खाल्लीय. ठेवा हे लिहून."

"फॉर्म गावातून आल्यावर कुठं कुठं जातात?"

"निशा कपाटात ठेवते. किल्ली तिच्याकडं, सरांकडं, माझ्याकडं. मग तपासणीला गठ्ठा अध्यक्षांच्या घरी. तीन-चार दिवसांनी परत. मग मी भरतो."

"फॉर्मवर नाव का नाही? नुसता नंबर दिसतो."

सत्यम हसला. "तुमच्याच समितीचा नियम, काका. बाईची ओळख उघड होऊ नये म्हणून. नावांची यादी निशाकडं आणि माझ्याकडं. सरांना मागूनही मिळत नाही. त्यांनी तक्रारीपुरता एक नंबर मागून घेतला, तेवढाच."

कपाटाच्या किल्ल्या तीन आणि चौथं अध्यक्षांचं घर. बद्रीनाथांनी वहीत चार नावं लिहिली. घरी येऊन अडतीस फॉर्मच्या झेरॉक्स पुन्हा पसरल्या. सोमवारला चार दिवस उरले होते.

खाण्याच्या पानावर एकच प्रश्न, 'काल दिवसभरात काय खाल्लं?' फॉर्म सात जुलैचे. सहा जुलैला आषाढी एकादशी होती. कुठं साबुदाण्याची खिचडी, कुठं भगर आणि दाण्याची आमटी, कुठं रताळं, कुठं नुसतं दूध आणि केळी. वाचता वाचता त्यांना गेलेली बायको, गोदावरी आठवली. चाळीस वर्षं तिनं एकादशी चुकवली नाही. भगर तिच्या हातची मोकळी व्हायची. ते पान त्यांनी बाजूला ठेवलं आणि आकड्यांचं पान ओढलं.

साखरेत काही सापडेना. मग त्यांची बोटं ब्लडप्रेशरच्या रकान्यावर थांबली. १२४/८२. १३६/८८. ११८/७६. १४२/९०. त्यांनी पेन्सिलीनं खुणा केल्या. अडतीस बायका, प्रत्येकीचे दोन आकडे, एकूण शहात्तर.

शहात्तरपैकी एकही विषम नव्हता.

४

दुसऱ्या दिवशी ते तात्यासाहेबांच्या बंगल्यावर गेले. तात्यासाहेब वैद्यकीय शिक्षणातले जुने प्राध्यापक. मधुमेहाला औषधाआधी ताट बदला, हे त्यांचं आयुष्यभराचं म्हणणं. विभागाचा 'घरची थाळी' हा प्रकल्प कागदावर राजकुमारांचा असला, तरी थाळी तात्यासाहेबांची होती. बारा गावांत ती शिकवायची आणि वर्षभरात बायकांची साखर उतरते का पाहायचं. उतरली तर सगळ्या राज्यात लागू होणार होती.

"दोन पानं आणलीत का?"

"एक-दोन गोष्टी विचारायच्या होत्या, डॉक्टरसाहेब."

"मला?" त्यांनी भुवई चढवली. "तुम्हाला आकड्यांतलं कळतं पाथ्रीकर, माणसांतलं नाही. त्या पोरीनं आळस केला. उन्हात जायचा कंटाळा. आजकालच्या पोरांना संशोधन म्हणजे पगार वाटतो."

"ती गेली होती. बायका साक्ष देतील म्हणते."

"बायका काहीही सांगतील. साडी दिली की आणखी सांगतील. तुम्ही गावात कधी गेला नाहीत वाटतं?"

"नाही. तुम्ही?"

"मला जायची गरज नाही. मी चाळीस वर्षं पेशंट पाहिलेत. सगळी गावं सारखीच."

बद्रीनाथांचा चेहरा उतरलेला बघून त्यांनी हात पुढं करायला लावला. टेबलावर लांबट लाकडी पेटी होती, आत पाऱ्याची उभी नळी. त्यांनी पट्टा गुंडाळला, कानाला नळ्या लावल्या, फुगा दाबला. "एकशे शेहेचाळीस, ब्याण्णव. जेवता का नीट? बायको गेल्यावर माणूस कसाही राहतो."

"आता ते बॅटरीवालं मशीन असतं ना?"

"खेळणी ती. पोरीटोरींना द्या. पारा खोटं बोलत नाही."

बद्रीनाथांनी बाही खाली केली. नळीशेजारच्या पट्टीवर बारीक रेघा होत्या. शंभरापासून एकशे दहापर्यंत त्यांनी रेघा मोजल्या. पाच भरल्या. म्हणजे एक रेघ दोनाची.

"काय बघता?"

"काही नाही," बद्रीनाथ म्हणाले आणि उठले.

५

तेवढ्यानं काही होत नव्हतं. जुनं मशीन जुन्या डॉक्टरकडं असणारच. राजकुमारांच्या खोलीतही एक धूळ खात पडलेलं त्यांनी पाहिलं होतं. शनिवारी बद्रीनाथ खुलताबादच्या एसटीत बसले आणि फाट्यावर उतरून जांभळवाडीला चालत गेले.

मनकर्णाबाई खाटेवर बसल्या होत्या. गुडघ्याखाली पातळ दुमडून घेतलेलं. कडुबानं पाणीही विचारलं नाही.

"आता काय राहिलं? दुसरा पाय मोजायचा का?"

"गप रं," म्हातारी म्हणाली. "बसा भाऊ. त्या पोरीला काय करत्यात?"

"काढून टाकतात."

"तिला कामून? तिनं तर सुई टोचली अन् रडायला लागली. म्हणली, मावशी, तुमच्या अंगात साखरंचं पोतं हाय." ती हसली. "म्या म्हणलं, मग चाला की, इकून टाकू."

बद्रीनाथ हसले नाहीत. त्यांनी झेरॉक्स काढली. आकडे पडताळायचे होते, पण पान दुसरंच वर आलं होतं. काहीतरी विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं, "त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही भगर खाल्ली होती. रोजच एवढं कमी खाता का?"

"भगर? म्या?"

"एकादशी होती ना. उपासाची."

म्हातारीनं मुलाकडं पाहिलं. कडुबानं पहिल्यांदाच बद्रीनाथांकडं नीट पाहिलं, आणि त्या बघण्यात राग नव्हता, कीव होती.

"काका," तो म्हणाला, "सगळी गल्ली चालत आलात. वर निळा झेंडा दिसला नाय? विहार दिसलं नाय? आम्ही बौद्ध माणसं. आमच्यात कुठं आलीय एकादशी?"

"कधीच नाही?"

"माझ्या आज्यानं बाबासाहेबांच्या मागं दीक्षा घेतली, तवापासून बंद. रविवार हुता त्यो. माय सुकट करती रविवारी."

"सुकट अन् बाजरीची भाकर," म्हातारी म्हणाली. "पोरीनं लिवून घेतलं की समोर. म्हणली, मावशी, वास इथवर आला."

बद्रीनाथांच्या हातात अडतीस फॉर्म होते. अडतीस उपास.

"ह्या केंद्रात दुसऱ्या समाजाच्या बायका किती?"

"एक बी नाय. गावानं जागा दिली नाय, म्हणून केंद्र विहारात. वरच्या आळीतली कोण येती इथं?"

दिवसभर बद्रीनाथ घरोघर गेले. काहींनी दारातूनच हाकललं. एकीनं विचारलं, हे विचारायला आता सवड झाली का. पण उत्तर प्रत्येकीनं एकच दिलं. शेवटच्या दारातून निघाले तेव्हा त्यांना कळलं की वहीतल्या चारपैकी तीन नावं खोडता येतात.

६

सोमवारी बैठकीत तात्यासाहेब अध्यक्षांच्या खुर्चीत, राजकुमार उजवीकडं, सत्यम कागद घेऊन मागं. निशा दाराजवळ उभी. तिला खुर्ची दिलेली नव्हती.

"पाथ्रीकर, दोन पानं," तात्यासाहेब म्हणाले.

"एकच पान आहे." बद्रीनाथ उठले. त्यांना भाषण येत नव्हतं, म्हणून हिशेब मांडावा तसं ते एकेक सांगत गेले.

"फॉर्म खोटे आहेत, हे वाघचौरे सरांचं बरोबर आहे. बदललेले आहेत. ज्यानं बदलले त्यानं निशाचं अक्षर आणि सही गिरवली, तारीख तीच ठेवली आणि पंचांग पाहिलं. आदल्या दिवशी एकादशी, म्हणून सगळ्यांना उपास लिहिला. बायकांनी खरं काय सांगितलं ते जुन्या पानावर होतं, पण आकड्यांपलीकडं त्यानं ते वाचलंही नाही. अडतीसही घरं बौद्धांची आहेत. मी प्रत्येक दारात विचारून आलोय. उपास एकीनंही केला नव्हता."

दाराजवळून एक छोटा आवाज आला. निशानं तोंडावर हात ठेवला होता.

"निशा स्वतः त्या समाजाची. केंद्र विहारात, तिथं ती चार वर्षं बसली. खोटंच लिहायचं असतं तर तिनं सुकट लिहिलं असतं. सत्यम दोनदा तिथं जेवलाय, शिवाय त्याच्याकडं नावांची यादी आहे. वाघचौरे सरांच्या भिंतीवर बुद्धमूर्तीपुढचा त्यांचाच फोटो आहे. ही चूक त्याच माणसाकडून होते ज्यानं गाव कधी पाहिलं नाही आणि ज्याच्यापुढं नुसते नंबर होते."

"खेड्यातल्या बायका उपास करतातच," तात्यासाहेब म्हणाले. "यांचं कसलं पुराण ऐकायचं?"

"आता ब्लडप्रेशर. निशाचं मशीन बॅटरीचं आहे. ते एकशे एकतीस दाखवतं, सत्याऐंशी दाखवतं. तिच्या बाकी अकरा गावांचे फॉर्म मी काल सत्यमकडून घेऊन पाहिले. निम्मे आकडे विषम आहेत. ह्या गावात शहात्तरांत एकही नाही." ते पाणी प्यायले. "जनगणनेत आम्ही वय विचारायचो. लोक चाळीस सांगायचे, पंचेचाळीस सांगायचे, त्रेचाळीस कुणी सांगत नसे. मनातून आकडा काढला की माणूस हाताच्या सवयीनं काढतो. पाऱ्याच्या पट्टीवर दोन-दोनाच्या रेघा असतात. चाळीस वर्षं ती पट्टी वाचलेल्या माणसाला विषम आकडा सुचतच नाही."

राजकुमार हळूच म्हणाले, "मी मूळचा खेळशिक्षक, माझं 'डॉक्टर' पीएच.डी.चं. मला बी.पी. घेता येत नाही."

"माहीत आहे, सर."

गठ्ठा तपासणीला चार दिवस कुणाच्या घरी होता, हे सांगायची गरज नव्हती. सगळे खुर्चीकडं बघत होते.

"मूर्खपणा," तात्यासाहेब म्हणाले. "तुम्हाला ह्या समितीत मी घेतलं. मी."

"हो. मी गप्प बसतो म्हणून."

तात्यासाहेबांचा हात टेबलावरून उचलला गेला आणि परत पडला. मग ते निशाला म्हणाले, तिला म्हणाले असं नाही, तिच्या दिशेनं म्हणाले, "अकरा गावांत साखर उतरली होती. एका गावात चढली. एका गावापायी सगळं फेकून द्यायचं? लाखो लोकांना उपयोग झाला असता. अडतीस फॉर्म म्हणजे काय..."

"अडतीस बायका," निशा म्हणाली. "माझे फॉर्म कुठं आहेत?"

"जाळले."

"त्यात अकरा जणी अडीचशेच्या वर होत्या. तुम्ही डॉक्टर आहात. आकडे वाचल्याशिवाय तर जाळले नसतील."

सत्यमनं हातातले कागद खाली ठेवले आणि आपली खुर्ची निशाकडं ढकलली. ती बसली नाही.

७

संध्याकाळपर्यंत तात्यासाहेबांचा राजीनामा आला. पोलिसांत द्यायचं की विद्यापीठातच मिटवायचं यावर राजकुमार कुलसचिवांशी अजून फोनवर भांडत होते. निशाची नोंदणी कायम राहिल्याचं पत्र टाइप झालं होतं. दहा बायकांसाठी दोन गाड्या जांभळवाडीला निघाल्या होत्या.

बद्रीनाथ समितीच्या खोलीत अहवाल लिहीत होते. निशा पत्र घेऊन आत आली. ते उठू लागले.

"बसा. आभार मानायला नाही आले."

"मानूही नको."

"एक विचारायचंय. फॉर्म तुम्ही दोनदा वाचले होते म्हणालात. माझ्या खोलीवर आलात त्याच्या आधी."

"हो."

"त्यात अडतीस उपास होते. मी कुठली, कडुबा कुठला, केंद्र कुठं भरतं, सगळं तुमच्यासमोर होतं. कडुबानं तर आत येता येता जय भीम केला असेल. तो कुठंही जातो तिथं करतो."

"केला होता."

"तुम्ही काय म्हणालात?"

बद्रीनाथांनी टोपण उघडं असलेलं पेन टेबलावर ठेवलं. "काही नाही. कुणीच काही म्हणालं नाही."

"मग तात्यासाहेबांची चूक आणि तुमची चूक यात फरक काय?"

त्यांनी विचार केला. फरक होता. त्यांनी कागद जाळले नव्हते, कुणाचा पाय घालवला नव्हता. हे सगळं सांगता आलं असतं. पण तिनं ते विचारलं नव्हतं.

"मला ते उपास वाचताना बायको आठवली," ते म्हणाले. "वाटलं, बाईमाणूस म्हणजे एकादशी करणारच. त्यात चुकीचं काही दिसलंच नाही. तात्यासाहेबांनाही लिहिताना दिसलं नसेल."

"हे अहवालात आहे?"

"नाही."

"मग तो अपुरा आहे," निशा म्हणाली, आणि दार ओढून घेऊन गेली.

बद्रीनाथांनी सहीच्या वर उरलेल्या जागेत लिहायला घेतलं. 'चौकशी करणाऱ्या सदस्यानं हे अडतीस फॉर्म घरी दोनदा वाचले होते. त्याला त्यात काहीही खटकलं नाही. चूक मनकर्णाबाई साळवे यांनी दाखवून दिली.' जागा पुरली नाही, म्हणून त्यांनी दुसरं पान घेतलं.